जुन्या डिझेल मर्सिडीजचं पिकअप गेलं, गिअर खाली पडत नाही: गिअरबॉक्स उतरवण्याआधी

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही धागा लागेल. गाडी १९९६ ची मर्सिडीज ई २५० डी, म्हणजे डब्ल्यू १२४, चार गिअरची ऑटोमॅटिक. गेल्या काही महिन्यांत पिकअप हळूहळू कमी झालंय. सिग्नलवरून उठताना गाडी जड वाटते. हायवेवर ओव्हरटेक करायला पेडल दाबलं की इंजिनाचा आवाज थोडा बदलतो, पण गिअर काही खाली पडत नाही. वाईहून पाचगणीला चढताना पसरणी घाटात ती वरच्याच गिअरमध्ये कुंथत राहते. धूर दिसत नाही. गिअर बदलताना धक्के नाहीत, उलट वरचे गिअर फार लवकर आणि मऊ पडतात. सकाळी पहिल्यांदा स्टार्टर पूर्वीपेक्षा जास्त वेळ फिरवावा लागतो. आणि गॅरेजमध्ये सांगितलंय की गिअरबॉक्स गेला, उतरवून ओव्हरहॉल करावा लागेल.

उतरवू देऊ नका. निदान आत्ता तरी नाही.

तुम्ही लिहिलेल्या लक्षणांत गिअरबॉक्स आतून गेल्याची एकही खूण मला दिसत नाही. आतून गेलेला गिअरबॉक्स घसरतो: रेस वाढते, आवाज वाढतो, पण गाडी त्या मानाने पुढे जात नाही. थंड असताना डी किंवा आर ला टाकल्यावर तो दोन-तीन सेकंद विचार करतो आणि मग धाडकन लागतो. ऑइल काळपट होतं, जळका वास येतो. तुमच्याकडे यातलं काहीच नाही. तुमच्या गाडीत इंजिन आणि चाकं एकमेकांना नीट धरून आहेत. फक्त इंजिन पुरेसं जोर लावत नाही आणि गिअरबॉक्सला तुम्ही पेडल किती दाबलंय हे कळत नाही.

या दोन तक्रारी वेगवेगळ्या वाटतात, पण या गाडीत त्या बहुतेक वेळा एकाच सांध्यावर येऊन मिळतात. तो सांधा बॉनेटखाली आहे, गिअरबॉक्समध्ये नाही. कसं ते जरा सविस्तर सांगतो, कारण हे एकदा डोक्यात बसलं की तुम्हाला कोणीही उगाच खर्चात पाडू शकणार नाही.

या गाडीचा ७२२.४ गिअरबॉक्स पूर्णपणे ऑइलच्या दाबावर आणि यांत्रिक इशाऱ्यांवर चालतो. कोणता गिअर केव्हा, हे ठरवणारा कॉम्प्युटर त्यात नाही. गाडीचा वेग त्याला कळतो मागच्या बाजूच्या गव्हर्नरकडून: वेग वाढला की गव्हर्नरचा दाब वाढतो आणि तो वरच्या गिअरकडे ढकलतो. तुमच्या पायाची खबर त्याला मिळते एका तारेतून. ही बोडन केबल अॅक्सिलरेटरच्या लिंकेजपासून, म्हणजे पेडल आणि डिझेल पंप यांना जोडणाऱ्या रॉड-सांध्यांपासून, निघून गिअरबॉक्सच्या बाजूला जाते. पेडल जितकं दाबाल तितकी ती ओढली जाते, आत विरुद्ध बाजूचा दाब वाढतो आणि गिअर वर जायला उशीर लागतो किंवा चालू गिअर खाली येतो. म्हणजे एकीकडे वेग, दुसरीकडे तुमचा पाय, आणि दोघांच्या रस्सीखेचीतून गिअर ठरतो. केबल सैल पडली की वेगाची बाजू प्रत्येक वेळी जिंकते. गिअर चटचट वर जातात आणि खाली यायचं नाव घेत नाहीत. कासरा सुटलेला बैल हाकणाऱ्याचं ऐकत नाही, तसं.

तिसरी खबर व्हॅक्यूमची. डिझेल इंजिनाला पेट्रोलसारखा थ्रॉटल नसतो, त्यामुळे मॅनिफोल्डमध्ये कामाचा व्हॅक्यूम तयार होत नाही. म्हणून इंजिनावर वेगळा व्हॅक्यूम पंप बसवलेला असतो. ब्रेकचा बूस्टर आणि गिअरबॉक्स हे दोन्ही त्याच पंपावर जगतात. गिअरबॉक्सकडे जाणारा व्हॅक्यूम आधी डिझेल पंपावर बसवलेल्या एका छोट्या व्हॉल्व्हमधून जातो. पंपाचा लिव्हर फिरला की हा व्हॉल्व्ह व्हॅक्यूम सोडत जातो. आयडलला व्हॅक्यूम भरपूर, पूर्ण पेडलला जवळजवळ शून्य. गिअरबॉक्सच्या बाजूला मॉड्युलेटर नावाचा डबा असतो, तो या व्हॅक्यूमवरून आतला दाब ठरवतो. व्हॅक्यूम जास्त म्हणजे भार कमी, गिअर मऊ पडू दे. व्हॅक्यूम कमी म्हणजे भार जास्त, आतल्या क्लचच्या प्लेटा घट्ट धर.

आता हे तीन धागे एकत्र बघा. डिझेल किती जाणार हे पंपाच्या लिव्हरवर. गिअरबॉक्सची केबल त्याच लिंकेजवर. व्हॅक्यूमचा व्हॉल्व्ह त्याच लिव्हरवर. लिंकेजचे प्लॅस्टिकचे बुश झिजले, एखादा बॉल जॉइंट ढिला झाला, रॉडची लांबी कोणी चुकीची ठेवली, आणि पाय जमिनीला टेकला तरी लिव्हर तीन-चतुर्थांशच फिरला, तर काय होईल? डिझेल कमी जाईल, म्हणून पिकअप नाही आणि धूरही नाही. केबल अर्धीच ओढली जाईल, म्हणून गिअर लवकर वर जाईल आणि खाली येणार नाही. व्हॅक्यूम पुरता सुटणार नाही, म्हणून गिअर मऊ पडतील. तुम्ही लिहिलेली यादी हीच आहे, सकाळच्या स्टार्टिंगची तक्रार सोडून. तिच्याकडे नंतर येतो.

म्हणून पहिली तपासणी ही, आणि तिला एक पैसाही लागत नाही. इंजिन बंद. ड्रायव्हरच्या पायाखालचं मॅट काढा. हे हसण्यावारी नेऊ नका. कंपनीच्या कार्पेटवर जाड रबरी मॅट आणि त्यावर आणखी एक, असं आपल्याकडे सर्रास असतं, आणि पेडलचा शेवटचा अंगठाभर प्रवास त्यातच अडतो. या गाडीत नेमक्या त्या शेवटच्या टप्प्यात किकडाउनचा, म्हणजे पेडल तळाला टेकलं की गिअर खाली पाडणारा, स्विच आहे. मॅट काढून एकाला आत बसवा आणि पेडल तळाला टेकेपर्यंत दाबून धरायला सांगा. तुम्ही बॉनेट उघडून डिझेल पंपाचा लिव्हर बघा. तो त्याच्या पूर्ण भाराच्या स्टॉपला टेकला पाहिजे. बोटाने आणखी ढकलून बघा. तो अजून पुढे सरकत असेल तर तुमचं हरवलेलं पिकअप तेवढ्या फटीत आहे. उजवीकडे स्टीअरिंग असलेल्या आपल्या गाड्यांत पेडल एका बाजूला आणि पंप दुसऱ्या बाजूला येतो, त्यामुळे मधल्या प्रत्येक सांध्यातली थोडी थोडी ढिलाई शेवटी पंपाशी येऊन साचते. प्रत्येक जॉइंट हाताने हलवून बघा. जो खुळखुळतो तो बदला, मगच रॉडची लांबी लावा. झिजलेल्या बुशवर लांबी लावून काम भागवलं तर चार महिन्यांनी तुम्ही पुन्हा इथेच याल.

हे करताना इंजिन बंदच ठेवा. चालू डिझेल इंजिनाचा लिव्हर हाताने पूर्ण फिरवू नका.

लिंकेज ठीक झालं की केबल. तिचं इंजिनाकडचं टोक एका बॉलवर क्लिपने बसतं. ते निसटलेलं नाही ना, आधी हे बघा. दुसऱ्या कामासाठी कोणीतरी काढलं आणि परत बसवलं नाही असं होतं. मग टोक सोडवून केबल हाताने ओढा. स्प्रिंगचा सारखा विरोध लागला पाहिजे आणि सोडल्यावर ती स्वतःहून परत गेली पाहिजे. खरखर लागत असेल, मधेच अडकत असेल, किंवा विरोधच नसेल तर केबल गेली. ती ठीक असेल तर पूर्ण पेडलला ती शेवटच्या टोकापर्यंत पोचते का बघा. पोचायला हवी, पण ताणलेली नको. बाहेरच्या आवरणाला फिरवायचा अॅडजस्टर आहे. एकदोन फेरे घट्ट करून रस्त्यावर जा. गिअर पडण्याचा वेग वर सरकला तर समजा की आतला व्हॉल्व्ह बॉडी (ऑइलचा दाब वळवून गिअर बदलणारा भाग) इशाऱ्याला प्रतिसाद देतोय, म्हणजे गिअरबॉक्स जिवंत आहे. ओव्हरहॉल सुचवणाऱ्या फिटरसमोर ही चाचणी करून दाखवा.

पण तिचा अतिरेक नको. केबल जास्त ताणून ठेवली की गिअर उशिरा पडतात, इंजिन ओरडत राहतं आणि लोकांना वाटतं गाडी चपळ झाली. झालेली नसते. इंजिनाकडे जोर नसेल तर गिअर खालचा असून उपयोग काय? आधी इंजिन, मग गिअर, हा क्रम मोडू नका.

किकडाउनची चाचणी सोपी आहे. चावी चालू, इंजिन बंद, आजूबाजूला शांतता. एकाने पेडल तळापर्यंत दाबायचं, दुसऱ्याने गाडीच्या बाजूला कान द्यायचा. गिअरबॉक्सच्या सोलेनॉइडचा टक् असा आवाज आला पाहिजे. आला नाही तर फ्यूज, पेडलखालचा स्विच आणि सोलेनॉइडपर्यंतची वायर, या क्रमाने बारा व्होल्ट कुठवर पोचतात ते टेस्ट लॅम्पने बघा. पाणी साचलेल्या रस्त्यांतून गेलेल्या गाड्यांत खालचा कनेक्टर हिरवा पडलेला सापडतो. साफ करा, ग्रीस लावा. किकडाउन ही शेवटची मदत आहे हे मात्र लक्षात असू द्या. अर्ध्या-पाऊण पेडलला चौथ्यातून तिसरा पडणं हे काम केबलचं. किकडाउन चालत असेल पण मधल्या पेडलला गिअर उतरत नसेल, तर बोट केबलकडेच जातं.

व्हॅक्यूमला गेज लागतो. चांगला गेज महाग नाही, आणि जुनी डिझेल मर्सिडीज ठेवायची असेल तर तो घरात असावाच. पंपाच्या मुख्य लाइनला इंजिन चालू असताना पाऱ्याच्या वीस इंचांहून चांगलंच वर वाचन हवं. मग मॉड्युलेटरकडे जाणाऱ्या नळीत टी लावून गेज आत केबिनपर्यंत आणा आणि गाडी चालवा. आकडा महत्त्वाचा आहेच, पण त्याहून महत्त्वाची आहे त्याची चाल: पेडल दाबत जाल तसा तो सलग उतरत गेला पाहिजे आणि पूर्ण पेडलला शून्याजवळ आला पाहिजे. तुमच्याकडे गिअर मऊ पडतात, म्हणजे गळतीचा संशय कमी. व्हॅक्यूम गळत असेल तर उलट होतं, दाब वाढतो आणि प्रत्येक गिअर पाठीत गुद्दा बसल्यासारखा पडतो. गळतीची आणखी एक खूण या पिढीच्या डिझेलमध्ये घरबसल्या दिसते: इंजिन बंद करायलाही व्हॅक्यूमच वापरलेला असतो, त्यामुळे चावी फिरवूनही इंजिन क्षणभर रेंगाळलं की कुठेतरी व्हॅक्यूम कमी आहे.

मॉड्युलेटरची नळी काढलीच आहे तर तिच्या आत बघा. लालसर ओल दिसली तर मॉड्युलेटरचा डायफ्राम फाटलाय आणि गिअरबॉक्सचं ऑइल नळीतून ओढलं जातंय. डबा बदलायचा, विषय संपला. आणि एक विनंती: मॉड्युलेटरवर रबरी टोपीखाली फिरवायची एक चावी असते. गेज लावल्याशिवाय तिला हात लावू नका, कोणाला लावूही देऊ नका. मूळ जागा एकदा हरवली की पुढचा प्रत्येक माणूस अंदाजाने फिरवत बसतो.

आता सकाळच्या स्टार्टिंगकडे. हीट प्लग (थंड इंजिन सुरू करताना सिलिंडर तापवणारे) तपासाच, पाच सिलिंडरपैकी एक-दोन गेले तरी थंडीत त्रास होतो. पण उशिरा स्टार्ट आणि कमी पिकअप हे दोन्ही एकत्र आले की माझा संशय डिझेलच्या लाइनीत शिरणाऱ्या हवेवर जातो. ई २५० डी मधलं ओएम ६०५ इंजिन यासाठी ओळखलं जातं. या पिढीत मर्सिडीजने डिझेलच्या छोट्या पारदर्शक प्लॅस्टिकच्या नळ्या वापरल्या, आणि प्रत्येक नळीच्या टोकाला ओ-रिंग आहे. पंचवीस-तीस वर्षांत त्या रिंगा कडक होतात. डिझेल बाहेर ठिबकतंच असं नाही, पण हवा आत शिरते. रात्रभर उभ्या गाडीत डिझेल मागे टाकीकडे उतरतं, आणि सकाळी पंपाला आधी हवा गिळावी लागते. चालत्या गाडीत पूर्ण भाराला तीच हवा डिझेलची जागा घेते.

नळ्या पारदर्शक आहेत हे आपलं नशीब. सकाळी थंड इंजिन सुरू करून टॉर्चने बघा. एखादा बारीक बुडबुडा फिरत असेल तर घाबरू नका, पण सलग बुडबुड्यांची माळ चालली असेल तर रिंगा बदला. एक एक करून नव्हे, सगळ्या एकदम, आणि नळ्या पिवळ्या-ठिसूळ झाल्या असतील तर नळ्यांसकट. डिझेल बंद करणाऱ्या व्हॉल्व्हच्या मागच्या रिंगाही त्याच वेळी. बाजारातली कुठलीही काळी रिंग चालत नाही, डिझेलला टिकणारं रबर हवं. एप्रिल २०२० पासून आपल्याकडे बीएस ६ डिझेल आहे, त्यात गंधक दशलक्षात जास्तीत जास्त १० भाग. १९९६ मध्ये या रिंगा बसवल्या तेव्हाचं डिझेल फार वेगळं होतं. त्यामुळे जुन्या रिंगा अजून चालतायत म्हणून चालू द्या, हा सल्ला मी देत नाही.

डिझेल अडण्याच्या जागाही बघून घ्या. मोठा फिल्टर आणि त्याच्या आधीचा बारीक पारदर्शक प्री-फिल्टर दोन्ही नवे टाका. टाकीच्या तळाशी एक जाळी असते, ती बहुतेक गाड्यांत एकदाही निघालेली नसते. बरीच वर्षं कमी चाललेल्या गाडीच्या टाकीत पाणी साठून काळा चिकट गाळ होतो आणि तो या जाळीवर बसतो. त्याची खूण अशी: शहरात गाडी बरी चालते, पण लांब चढणीवर पाच-सात मिनिटांनी दम टाकते, आणि थोडा वेळ आयडलला ठेवली की परत बरी होते. तुमच्या पसरणीच्या वर्णनात याची थोडी चाहूल आहे. टाकीचं झाकण उघडताना आत हवा खेचल्याचा फुस्स आवाज येतो का, तेही ऐका. टाकीचा श्वास कोंडला असेल तर पंप डिझेल ओढू शकत नाही.

धुराबद्दल दोन शब्द, कारण डिझेलचा धूर खोटं बोलत नाही. पूर्ण पेडलला चढणीवर या जुन्या इंजिनाने मागे किंचित काळसर रेघ सोडली पाहिजे. काहीच धूर नाही आणि जोरही नाही, म्हणजे डिझेल कमी पोचतंय: लिंकेज, फिल्टर, हवा. दाट काळा धूर आणि जोर नाही, म्हणजे डिझेल आहे पण हवा कमी आहे किंवा नोझल नीट फवारत नाहीत: एअर फिल्टर, काजळीने भरलेला इनटेक, नोझल. थंड असताना पांढरा, डोळ्यांना झोंबणारा धूर असेल तर टायमिंग, म्हणजे डिझेल फवारण्याची वेळ, मागे सरकलंय किंवा नोझल आणि कॉम्प्रेशनचा प्रश्न आहे. तुमच्याकडे धूर नाही. त्यामुळे कोणी सरळ पंप उतरवून कॅलिब्रेशनला पाठवायला सांगितलं तर थांबा. बॉशचा हा इन-लाइन पंप स्वच्छ ऑइल आणि स्वच्छ डिझेल मिळालं तर सहसा बिघडत नाही, आणि बिनकामाचा उतरवला तर परत बसवताना टायमिंग चुकायची शक्यता उगाच तयार होते.

यातून काहीच निघालं नाही तरच पुढे जा: चेन किती लांबली हे कॅमशाफ्टच्या खुणेवरून, मग पंपाचं टायमिंग, मग नोझल बेंचवर, मग कॉम्प्रेशन. कॉम्प्रेशनमध्ये एकट्या आकड्यापेक्षा पाच सिलिंडरमधला फरक जास्त बोलतो. तीन बारपेक्षा जास्त तफावत असेल तर इंजिनाकडे गंभीरपणे बघावं लागेल.

इंजिन दोषी की गिअरबॉक्स, हा वाद मिटवणारी एक चाचणी आहे, स्टॉल टेस्ट. गाडी गरम, हँडब्रेक आणि फूटब्रेक दोन्ही घट्ट, समोर मोकळी जागा, डी मध्ये टाकून पूर्ण पेडल, आणि इंजिन किती रेसपर्यंत चढतं ते टॅकोमीटरवर वाचायचं. मॅन्युअलमध्ये दिलेल्या आकड्यापेक्षा रेस बरीच कमी राहिली तर इंजिन कमजोर. बरीच वर गेली तर गिअरबॉक्स घसरतोय. पाच सेकंदांच्या वर धरायचं नाही, कारण इंजिनाची सगळी ताकद त्या वेळी कन्व्हर्टरमधलं, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स यांना जोडणाऱ्या डब्यातलं, ऑइल तापवण्यात जाते. जाणत्या माणसाकडूनच करून घ्या, आणि गाडीसमोर कोणी उभं राहता कामा नये. ओव्हरहॉलचा निर्णय मी या चाचणीशिवाय कधीच घेत नाही.

गिअरबॉक्सचं ऑइल तपासायची पद्धतही नीट सांगतो, कारण निम्म्या ठिकाणी ती चुकते. गाडी वीस-पंचवीस मिनिटं चालवून पूर्ण गरम, सपाट जागा, इंजिन चालू, लिव्हर पी मध्ये. दांडी पुसायला धागे न सुटणारं कापड; सुती चिंधीचा एक धागाही आतल्या बारीक वाटा अडवू शकतो. थंड असताना पातळी कमीच दिसते, ती बघून ऑइल ओतू नका. गरम असताना किमान आणि कमाल खुणांमध्ये फरक फक्त ३०० मिलिलिटरच्या आसपास असतो, म्हणजे थोडंसं ओतलं तरी जास्त होतं. ऑइल कधी बदललं ते माहीत नसेल तर आता बदला: फिल्टरसकट, आणि कन्व्हर्टरच्या तळाचा प्लग काढून. तो न काढता बदललं तर जवळपास निम्मं जुनं ऑइल आतच राहतं. पॅनच्या तळाशी राखाडी पीठ असणं साहजिक आहे. पितळी चमक किंवा प्लेटांचे काळे तुकडे दिसले तर मात्र मी माझं मत बदलीन.

आणखी एक, अगदी साधं. सपाट रस्त्यावर न्यूट्रलला गाडी मोकळी गडगडते का? दहा किलोमीटर चालवून आल्यावर चारही चाकांजवळ हात न्या. एक चाक जास्त तापलं असेल तर कॅलिपर अडकलाय, आणि तुम्ही ब्रेक लावून घाट चढताय.

हे सगळं नीट झाल्यावर गाडी कशी चालेल, याची कल्पना आधीच असू द्या. ही गाडी रॉकेट नव्हती. अडीच लिटरचं हे इंजिन टर्बोविना ११३ अश्वशक्ती देतं, टॉर्क साधारण १७० न्यूटन मीटर, आणि गाडी दीड टनाच्या जवळ. आजच्या दीड लिटरच्या टर्बो डिझेलला २५० न्यूटन मीटर मिळतात. त्यात हा गिअरबॉक्स डी मध्ये हलक्या पेडलला दुसऱ्या गिअरमधूनच उठतो. पहिला हवा असेल तर पेडल जोरात दाबावं लागतं किंवा लिव्हर २ वर ठेवावा लागतो. बरेच नवे मालक हाच बिघाड समजतात. त्यात तुमचा रस्ता महाबळेश्वरचा. पुणं साधारण ५६० मीटरवर, महाबळेश्वर १,३५० च्या आसपास. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीपेक्षा सुमारे १५ टक्के कमी असतो, आणि टर्बो नसलेल्या इंजिनाला ती तूट भरून काढायचा मार्ग नाही. तेव्हा पसरणीत डी वर विसंबू नका. चढ सुरू होताना लिव्हर ३ वर आणा, अवघड वळणांत वेग उतरल्यावर २ वर. गाडीला रेसमध्ये राहू द्या. हे इंजिन २,८०० च्या आसपास सगळ्यात आनंदात ओढतं. उतरतानाही तोच गिअर, म्हणजे ब्रेक तापणार नाहीत.

मला या गाड्यांबद्दल मनापासून जिव्हाळा आहे, हे लपवत नाही. मर्सिडीजने भारतात सुरुवात केली तीच या गाडीने. १९९५ मध्ये पुण्यातल्या टेल्कोच्या कारखान्यात तिची जुळणी सुरू झाली, चाकणचा कारखाना त्यानंतर चौदा वर्षांनी आला. चुकीच्या निदानावर अशी गाडी दोन-तीन महिने गॅरेजमध्ये खोलून पडली, सुटे भाग डब्यांत गेले आणि मालकाने शेवटी कंटाळून भंगारात दिली, हे मी फार वेळा पाहिलंय. ज्या बुशने ती वाचली असती तो मुठीत मावतो.

म्हणून क्रम असा ठेवा. या रविवारी मॅट, लिंकेज, केबल, किकडाउनचा आवाज आणि सकाळचे बुडबुडे बघा. यातच प्रश्न सुटेल असा माझा अंदाज आहे, आणि लिंकेजवर माझा सर्वांत जास्त भर आहे. पुढच्या आठवड्यात दोन्ही फिल्टर, टाकीची जाळी, ओ-रिंगा आणि गिअरबॉक्सचं ऑइल. मग गेज लावून पुण्याहून वाईपर्यंत एक फेरी मारा आणि आयडल, अर्धं पेडल, पूर्ण पेडल या तिन्ही वेळचे आकडे लिहून ठेवा.

एवढं करूनही गिअर उतरला नाही, स्टॉल टेस्टमध्ये रेस वर गेली किंवा पॅनमध्ये प्लेटांचा चुरा सापडला, तर गिअरबॉक्स उघडायचा. पण तेव्हाही आधी फक्त व्हॉल्व्ह बॉडी. ती गाडीखालूनच निघते, गिअरबॉक्स उतरवावा लागत नाही. आत अडकलेला एखादा व्हॉल्व्ह साफ केल्यावर गिअर परत मिळालेल्या गाड्या आहेत. आणि पूर्ण उतरवायची वेळ आलीच, तर बी २ ब्रेक बँडचा पिस्टन नवा टाकल्याशिवाय गिअरबॉक्स बंद करू देऊ नका. या मालिकेत तो तुटला की गाडी पुढे हलतच नाही, फक्त रिव्हर्स चालतो, आणि तो भाग बाकीच्या कामाच्या मानाने स्वस्त आहे. काढलेला जुना पिस्टन तुमच्या हातात द्यायला सांगा.